एकशे अठ्ठावीसला येणारा आवाज

"निम्मं गाणं कुठं गेलं ते आधी सांग," रखमी म्हणाली. "बाकीचं मग बोलू."

तुषारनं कॉम्प्युटरवरून मान वळवली नाही. "कुठं गेलं नाही, आये. सकाळपासून चौथ्यांदा सांगतोय. सगळं आहे. लग्नात वाजवायला फक्त लहान केलंय."

"आहे म्हणजे कुठं?"

"ह्यात." त्यानं टेबलाखालच्या डब्याला पायानं ढोसलं.

"डब्यात राहून काय उपयोग? काल देवजीच्या मांडवात बोलावणं वाजलं. पाच वेळा वाजलं. पाठवणी एकदाही नाही. बोलावलेले गेले कुठं मग?"

"तू चार तास गातेस. बँजोवाल्याला पाच मिनिटं लागतात. त्यातपण लोक म्हणतात, फास्ट कर, पाय उचलत नाही. म्हणून बोलावणं तेवढं कापून घेतलं, फास्ट केलं आणि तेच पुन्हा पुन्हा जोडलं. लोकांना आवडलं. देवजी स्वतः म्हणाला, पोरं खाली बसेनात."

"नाचायला दिलं होतं मी तुला?"

स्वयंपाकघरातून सुषमाचा, तुषारच्या बायकोचा आवाज आला. "मला विचाराल तर ते अंड्यांचे ट्रे आधी भिंतीवरून काढा. बोलावलेले कुठं गेले ते मला माहीत नाही, पण झुरळं इथंच राहिलीत."

रखमीचा नवरा हाल्या ओटीवर दावं वळत बसला होता. त्याचा हात थांबला नाही, पण कान आतच होते. नऊ वर्षांची प्राजक्ता दाराच्या चौकटीला टेकून आजीकडून मामाकडे आणि मामाकडून आजीकडे बघत होती.

"चार माणसं आपलं नाव घ्यायला लागली," तुषार म्हणाला, "तर तुला तेवढंच खुपतं. अर्धं काय आणि पुरं काय. जे संपलं नाही ते संपवल्याशिवाय तू उठायची नाहीस, माहीत आहे आम्हाला. संगीच्या वेळीपण नाही उठलीस."

सुषमाचं भांडं वाजायचं थांबलं. तुषारलाही कळलं की आपण काय बोललो. पण शब्द बाहेर पडला होता, आणि रखमी जिथं उभी होती तिथंच उभी राहिली.

तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला गेलेल्या पाड्यांवर जुन्या घरांतलं लग्न लावायला भटजी येत नाहीत. धवलेरी येते. रखमी तीस वर्षं धवलेरी होती. भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेल्या लग्नाच्या चौकापुढं बसून ती गायची आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं असं समजायचं. तिच्या गाण्यात आधी बोलावणं येई. देवांना बोलवायचं, डोंगराला, नदीला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ते आले, बसले, नवरा-नवरीला बघून झालं की शेवटी पाठवणी. ज्याला ज्याला हाक मारली त्याला त्याला परत त्याच्या वाटेला लावायचं. मगच धवलेरीनं उठायचं.

हे तिला हिरूनं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, हिरूच्या पाठीमागं बसून तिची ओळ पुन्हा म्हणायची. तीन-चार वर्षं म्हटली की गाणं अंगात येतं. हिरू गाण्याबद्दल काही समजावून सांगत नसे. एकदाच तिनं सांगितलं. वाऱ्यानं मांडव उडाला होता, वऱ्हाडी गुरांच्या गोठ्यात पळाले होते, आणि हिरू भिजलेल्या पेंढ्यावर बसून पाठवणी म्हणत होती. ऐकायला एक कुत्रं आणि रखमी. संपल्यावर ती लुगडं पिळत म्हणाली, "आपण बोलावलं ना? मग घालवायचंपण आपणच. त्यांना काय, वाट दिसत नाही."

रखमीनं ते पाळलं. भात लावायच्या दिवसांत भात लावला, नागलीच्या दिवसांत नागली, उन्हाळ्यात लग्नं. तुषार झाला, संगीता झाली. संगीताचं लग्न तिनं स्वतःच लावलं. लोक म्हणाले, आईनं मुलीचं लग्न लावू नये, रडू येतं. रखमीला रडू आलं नाही. संगीता मात्र हसत होती, चौकासमोर बसून तोंडावर पदर धरून.

संगीताचा आवाज आईसारखाच होता, फक्त त्यात मिश्री नव्हती आणि वय नव्हतं. विहिरीवरून तिनं हाक मारली की पलीकडच्या टेकाडावरची गुरं माना वर करत. प्राजक्ता वर्षाची असताना संगीता चिकूच्या वाडीत कामाला जायला लागली. एका सकाळी बायकांनी भरलेला टेम्पो हायवेवर चारोटीच्या अलीकडे उलटला. रखमी त्या दिवशी एका मांडवात होती. बोलावणं म्हणून झालं होतं. तुषार धावत निरोप घेऊन आला. रखमीनं ऐकलं, मान हलवली आणि पुढची ओळ म्हटली. पाठवणी पुरी करून ती उठली तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं. डहाणूच्या दवाखान्यात ती पोचली, तोवर संगीता गेली होती. आधी पोचली असती तर काय झालं असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. प्राजक्ताच्या बापानं दुसरं लग्न केलं, तो कंपनीत कामाला गुजरातच्या हद्दीत राहायला गेला. पोर आजीकडे राहिली.

तर त्या एका वाक्यानं हे सगळं उघडं पडलं. तुषार खुर्चीतून अर्धवट उठून पुन्हा बसला. माफी मागायची त्याला सवय नव्हती, म्हणून त्यानं माउसवर हात ठेवला.

"थांब, तुला दाखवतो. बँजो काढून नुसता तुझा आवाज लावतो. एक शब्द वाकडा असेल तर सांग."

आणि खोलीत संगीता गायला लागली.

ये गं माझ्या घरा, वाट झाडून ठेवली. एवढीच ओळ. मग पुन्हा तीच, दुसऱ्या नावानं.

ओटीवर हाल्याच्या हातातलं दावं उलगडत गेलं. तो उठून दारात आला. "संगी," तो म्हणाला. विचारल्यासारखं नाही. अंगणातून कुणी आलं की आपण नाव घेतो तसं.

रखमीनं चौकट धरली. काल देवजीच्या मांडवात, बँजोच्या गोंगाटात तिनं हेच ऐकलं होतं. घरी येईस्तोवर तिनं स्वतःला समजावलं होतं की गर्दीत भास झाला. सकाळपासून ती निम्म्या गाण्यावरून भांडत होती, कारण या दुसऱ्या गोष्टीवरून कसं भांडायचं ते तिला माहीत नव्हतं.

"संगी नाही, बाबा," तुषार घाईनं म्हणाला. "आयेच आहे. दिवाळीच्या सुट्टीत रेकॉर्ड केलं ना, तेच. फक्त स्पीड वाढवलाय. बघा."

त्यानं दाखवलं. पडद्यावर आवाजाची निळी रेघ होती, डोंगराच्या रांगेसारखी वरखाली. ती सगळी निवडायची, स्पीडच्या चौकोनात आकडा लिहायचा. शंभर म्हणजे जसं गायलं तसं. त्यानं शंभर लिहिलं, आणि रखमीचा जड, दमानं चालणारा आवाज आला. त्यानं एकशे तीस लिहिलं. डोंगरांची रांग आखडली, एकमेकींना चिकटली, आणि संगीता आली. "वेग वाढला की आवाज बारीक होतो. दुसरं काही नाही. बँजोच्या ठेक्यात बसावं म्हणून तीस टाकले. माझ्या डोक्यात संगी नव्हती, आये. आईची शपथ." आणि समोर आई उभी आहे हे आठवून त्यानं जीभ चावली.

"परत लाव," हाल्या म्हणाला.

तुषारनं लावलं नाही. सुषमा आतून पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली होती. तिनं संगीताला कधी पाहिलं नव्हतं, ती नंतर आली. पण घरातल्या सगळ्यांचे चेहरे तिनं पाहिले आणि ट्रेंचा विषय त्या दिवशी पुन्हा काढला नाही.

रखमीनं गाणं रेकॉर्ड करायला दिलं होतं त्यालाही कारण होतं. हिरू गेली. रखमीच्या पाठीमागं बसायला पोरी येईनात. त्यांना कंपनीची गाडी सकाळी साडेसहाला न्यायला येते. तुषार म्हणाला, हे असं जाईल, नीट भरून ठेवू. पुढच्या खोलीत त्यानं भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, खिडकीला गोधडी लावली, पंखा बंद केला. प्राजक्तानं दोन दिवस कोंबड्या हाकलल्या. रखमी त्या कोंदट खोलीत घाम पुसत बोलावणंही गायली आणि पाठवणीही गायली. समोर चौक नव्हता, नवरी नव्हती. कुणाला बोलावतो आहोत तेही ठरलेलं नव्हतं. मग नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं घरचीच नावं घेतली. सासरा, सासू, दीर. शेवटी संगीता.

म्हणजे संगीताच्या आवाजात आता जी हाक जात होती, ती संगीतालाच होती.

एकदा पेनड्राइव्हमध्ये गेलेलं गाणं कुणाच्या हातात राहत नाही. त्या वर्षी, दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात, ते बँजोवाल्याकडून बँजोवाल्याकडे गेलं, फोनमध्ये गेलं, तलासरी नाक्यावरच्या रिक्षांत गेलं. संध्याकाळी अंगणात भांडी घासताना रखमीला ते तीन बाजूंनी ऐकू यायचं. डोंगराकडून, नाक्याकडून, आणि नदीपलीकडून जरा मागं पडून. तीन ठिकाणी संगीता, ये गं माझ्या घरा म्हणत. ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून.

सुषमाच्या हातून भाकऱ्या जास्त व्हायला लागल्या. घरात पाच माणसं. ती प्रत्येकाचं गणित धरून पीठ घ्यायची आणि टोपलीत एकाचं जेवण उरायचं. पहिल्यांदा ती म्हणाली, पीठ चढं घेतलं गेलं. दुसऱ्यांदा काही म्हणाली नाही. तिसऱ्यांदा तिनं उरलेलं कोंबड्यांना घालायला उचललं, तेव्हा हाल्या म्हणाला, "राहू दे झाकून." सकाळी भाकरी तशीच होती. सुषमानं तुषारला दाखवली. "तशीच आहे ना? मग घाबरतेस कशाला?" तो म्हणाला. ती म्हणाली, "तशीच आहे म्हणूनच घाबरते. उपाशी राहून जातंय कोण?"

शेवटी तुषारनंच तोड काढली. नाक्यावरच्या एका मुलाकडून तो शिकून आला की आवाज न बदलता नुसता वेग वाढवता येतो. एका दुपारी त्यानं सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि नवीन गाणं ऐकवलं. रखमीचाच आवाज, तिचाच जडपणा, फक्त पाठीमागं कुत्रं लागल्यासारखा पळणारा. आवाजाला कुठंकुठं पत्र्याचा डबा वाजावा तशी खरखर होती.

"आता आहेस ना तूच?" तो म्हणाला. "हेच देतो सगळ्यांना. शेवटी पाठवणीच्या दोन ओळीपण जोडतो. झालं समाधान?"

सुषमानं सुटकेचा श्वास टाकला. हाल्या उठून बाहेर गेला. प्राजक्ता म्हणाली, "हे नको," आणि तिला कुणी विचारलं नव्हतं म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.

रखमीनं "बरं झालं" म्हणायला तोंड उघडलं. तिच्या मनासारखंच झालं होतं. पण तिच्या तोंडून आलं ते असं, "जुनं पुसून टाकलंस का?"

"नाही. ठेवलंय."

"ठेव," रखमी म्हणाली आणि विहिरीवर गेली.

जुनं गाणं बाहेर जे गेलं होतं ते परत आलं नाही. नवीन कुणी घेतलं नाही. म्हातारी धावते आहे असं वाटतं, लोक म्हणाले. पहिली पोरगी चांगली गात होती.

त्यानंतर आठवड्याभरानं रखमी भर दुपारी शेतावरून लवकर परतली. सुषमा रेशनला गेली होती, तुषार नाक्यावर. पुढच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. प्राजक्ता खुर्चीवर गुडघे दुमडून बसली होती आणि तिच्याशेजारी जमिनीवर हाल्या.

आजी दारात दिसली तरी पोर दचकली नाही. "आजे, एकशे तीसला नाही येत," ती समजावून सांगायला लागली. "तीसला जास्त बारीक होते. पंचवीसला तू दिसतेस. मी सगळे आकडे लावले. आजा डोळे मिटून बसतो. बरोबर असलं की मान हलवतो." तिनं न कापलेलं गाणं निवडून चौकोनात आकडा लिहिला. "एकशे अठ्ठावीसला आई येते."

रखमीनं नवऱ्याकडे बघितलं. आठ वर्षांत तो संगीताबद्दल आठ शब्द बोलला नव्हता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "अठ्ठावीसला बरोबर येते. विहिरीवरून हाक मारायची तशी."

रागवायला हवं होतं. पोरीच्या हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. रखमी नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली.

एकशे अठ्ठावीसला खरोखरच संगीता आली. तिची श्वास घ्यायची जागा, ओळीच्या शेवटी जरा वर उचललेला सूर, सगळं. हा आपलाच श्वास आहे हे रखमीला माहीत होतं. त्या दिवशी खोकला दाबला होता ती जागासुद्धा तिला ओळखू येत होती. माहीत असून फरक पडत नव्हता. आपल्याच गळ्यात मुलगी इतकी वर्षं होती आणि बाहेर यायला फक्त अठ्ठावीस आकडे पाहिजे होते, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला भीती वाटली.

मग ते रोजचंच झालं. सुषमा बाहेर पडली की तिघं पुढच्या खोलीत बसायची. वस्तीत कुणी विचारलं तर रखमी म्हणायची, घसा बसलाय. दोन लग्नांना तिनं नाही म्हणून कळवलं. लोकांचं काही अडलं नाही.

चैत्रात झाईकडच्या एका पाड्यावर सुषमाच्या मावसबहिणीचं लग्न होतं. तिथं जावंच लागलं. नवरीचा बाप चिमण, त्याची अर्धी सोयरीक गुजरातेतली, बोलणंही तसंच. रखमी नेहमीसारखी चौकासमोर जाऊन बसली तेव्हा तो हात जोडत आला.

"मासी, तमे इथं खुर्चीवर बेसो. चा घ्या. घसा बसलाय ना तुमचा? सुषमानं सांगितलं. ऐन वेळेला दुसरी धवलेरी कुठून आणू? गाणं आहे पेनड्राइव्हमध्ये."

"ते नाचायचं आहे."

"पण तुमचंच आहे ना? मग तुम्ही गायलात काय नि बॉक्स गायला काय." तो हसला. चांगला माणूस होता, मनात काही नव्हतं त्याच्या.

तिला खुर्चीवर बसवलं, हातात चहा दिला. चौकापुढं स्पीकरचा काळा बॉक्स ठेवला, त्याला हळद-कुंकू लावलं. वाळूतून वारा येत होता आणि मांडवाचं कापड फडफडत होतं. संगीता गायला लागली. ये गं माझ्या घरा. एकशे तीसची, जरा जास्त बारीक. पहिल्यांदा संपलं, दुसऱ्यांदा सुरू झालं. तिसऱ्यांदा. रखमी बॉक्सकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की हाक तीच आहे पण उत्तराला जागा नाही. धवलेरी हाक मारते, थांबते, समोरचा आला असं तिला आतून कळतं, मग पुढची हाक. तुषारनं थांबण्याची जागा कापली होती. ठेक्यात बसत नव्हती म्हणून. पोरगी नुसती हाका मारत होती, श्वास न घेता, कुणी येतंय की नाही ते न बघता.

बॉक्स बंद झाला. हळद उधळली. चिमण पुन्हा आला. "काही राहिलं का, मासी?"

पाठवणी राहिली होती. रखमीचा घसा अजिबात बसलेला नव्हता. उठून चौकासमोर बसायचं आणि म्हणायचं, अर्ध्या तासाचं काम. तिनं ओठ उघडले. पण पाठवणी म्हणजे ज्याला ज्याला हाक मारली त्या प्रत्येकाची. बॉक्सनं ज्यांची नावं घेतली त्यांची. शेवटचं नाव संगीताचं होतं.

"नाही," रखमी म्हणाली. "काही नाही राहिलं."

तीस वर्षांत पहिल्यांदा ती मांडवातून तशीच उठून आली. परतीच्या गाडीत सुषमा तिच्याशेजारी बसली होती. तलासरी आली तेव्हा सुषमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, तुमचा घसा बसलेला नाही, हे मला माहीत आहे. दुपारी तुम्ही तिघं काय करता तेपण माहीत आहे. मी रेशनला रोज जात नाही, मागच्या पडवीत बसलेली असते." तिनं मान रखमीकडे वळवली. "मी कोण सांगणारी. ती माझी कुणी नव्हे. पण घरात सहावं माणूस राहतंय आणि पीठ मला मळायचं आहे."

विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली. प्राजक्ता या यात्रेची वर्षभर वाट बघायची. मागच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसायला मिळालं नव्हतं, उंची कमी पडली होती. या वर्षी तिनं दाराच्या चौकटीवर कोळशानं खूण करून ठेवली होती आणि खूण केव्हाच मागं पडली होती. तुषारनं ओळखीच्याची जीप ठरवली. सकाळी सगळे तयार झाले. सुषमानं नवी साडी नेसली, हाल्यानं टोपी घातली.

प्राजक्ता घरातल्याच फ्रॉकमध्ये पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती.

"ऊठ की, प्राजू," तुषार म्हणाला. "जीप उभी आहे."

"मी नाही येत."

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"मग? पाळण्यात बसायचं नाही? ह्या वर्षी तू मोठी झालीस."

"तुम्ही जा," प्राजक्ता म्हणाली. "सगळे गेलो तर आई एकटी राहील घरात."

तिनं ते साधेपणानं सांगितलं. शेळी एकटी राहील, चूल एकटी राहील, असं. तुषारच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं. त्यानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं.

"प्राजू, ती आई नाही," तो खाली बसत म्हणाला. "मी दाखवलं होतं ना तुला? तो आजीचाच आवाज आहे. नुसता वेग."

"माहीत आहे मला वेग," पोर म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आजीनं नाव घेऊन बोलावलं ना तिला? आणि जा म्हटलेलं कधी वाजलंच नाही. जा म्हटल्याशिवाय कशी जाईल ती? तिला वाट दिसत नाही."

हे तिला कुणी शिकवलं होतं? रखमीनं तर हिरूचं बोलणं तिच्यापाशी कधी काढलं नव्हतं. कदाचित त्या सकाळच्या भांडणात तिनं ऐकलं असेल, कदाचित हाल्यानं सांगितलं असेल. कदाचित आपोआप समजलं असेल. तीन आठवडे बंद खोलीत बसून एकच हाक ऐकली की काय काय समजेल. रखमीनं विचारलं नाही. ती नातीकडे बघत होती. पोर वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेजारच्या पोरी तिला खेळायला बोलवायच्या बंद झाल्या होत्या, ते कधीपासून, हेही रखमीला सांगता आलं नसतं.

"आजे," प्राजक्ता म्हणाली, "तू जा म्हटलंस तर ती जाईल?"

"जाईल," रखमी म्हणाली.

"मग एकशे अठ्ठावीसला लावलं तर?"

"तर मी असेन. मीच आहे ती."

पोरीनं ओठ घट्ट मिटले. हाल्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला.

"कुणी यात्रेला जाणार नाही आज," रखमी म्हणाली. आवाज तिचा नेहमीचा, जड. "तुषार, जीपवाल्याला परत पाठव. देवीचं दर्शन चार दिवसांनी घेऊ, यात्रा काही उठत नाही तोवर. सुषमा, अंगण सारवून दे. दुपारच्या आत मी इथं पाठवणी गाणार आहे. पुरी. संगीताचीपण. उद्या सकाळी देवजीकडे, मग झाईला चिमणकडे, आणि जिथं जिथं हे वाजलं त्या सगळ्या घरांत. घरं कुठली ते तुषारला माहीत आहे, तो मला गाडीवर नेईल. कॉम्प्युटरमधल्याचं काय करायचं ते त्याचं त्यानं बघावं, मला विचारू नये. प्राजक्ता माझ्या पाठीमागं बसून ओळ म्हणेल. तिची शाळा चार दिवस बुडेल."